वाचक विचारतात : घरच्या गॅरेजातली टर्बो किट कार

किट कारबद्दल आलेली बहुतेक पत्रं इंग्लंडमधली आहेत, आणि ते साहजिकच आहे. १९५७ साली लोटस सेव्हन आली तेव्हा तिथे तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. लोक गाड्या घरी जोडू लागले. १९७३ साली व्हॅट आला आणि करातली सवलत गेली, नाद मात्र राहिला. या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न टर्बोचे, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याचे आहेत. त्यामुळे उत्तरांत बूस्टपेक्षा (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबापेक्षा) तेल आणि उष्णता यांचाच उल्लेख जास्त सापडेल.

प्रश्न : १९९१ची माझदा एमएक्स-५ (१.६ लिटर) डोनर (सुटे भाग पुरवणारी जुनी गाडी) म्हणून घेऊन तिच्यावर एक्झोसेटसारखी उघड्या पाइपांच्या सांगाड्याची किट चढवायची आहे. टर्बो सुरुवातीलाच बसवू की नंतर? आणि डोनर घेताना काय तपासू? (स्लाव)

नंतर. घरी जोडलेल्या नव्या गाडीत पहिल्या महिन्यात ब्रेकमधली हवा, कूलंटमधली हवा, सैल अर्थिंग, उलटी लागलेली वायर असे दोष निघणारच. त्यात टर्बोचे दोष मिसळले की कुठला कशामुळे हे कळत नाही. मूळच्या ११५ अश्वशक्तीवर गाडी आधी पूर्ण करा, आयव्हीए (ब्रिटनमधली एकेका गाडीची मान्यता तपासणी) पास करा, हजारेक किलोमीटर चालवा, मग टर्बोला हात घाला. मूळ एमएक्स-५ साडेनऊशे किलोच्या आसपास भरते, तुमची गाडी सातशेच्या आसपास भरेल. तेवढ्या वजनाला ११५ सुद्धा कमी नाहीत, हे चालवल्यावर पटेल.

पण टर्बोची जागा आत्ताच करून ठेवा. इंजिन बाहेर आहे तोवर चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवून त्यात तेल परतीचं फिटिंग वेल्ड करा आणि बूच लावून ठेवा. गाडीखाली पाठीवर पडून हेच काम करायला दुप्पट वेळ लागतो, शिवाय ड्रिलचा कीस चेंबरमध्ये पडतो तो वेगळाच. रेडिएटरच्या पुढे इंटरकूलरसाठी (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीसाठी) ७० मिमी जागा सोडा. एक्झॉस्ट पाइपला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरचा (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणाऱ्या) नट आताच वेल्ड करा.

डोनरच्या सिल आणि चाकांवरच्या कमानी गंजलेल्या असल्या तर उत्तम, किंमत पाडून मागता येते. बॉडी तुम्ही टाकूनच देणार आहात. पाहायच्या गोष्टी चार. पहिलं, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढची पुली. तिला चार खाचा दिसल्या तर तो आखूड नाकाचा क्रँक, आठ दिसल्या तर लांब नाकाचा. १९८९ ते १९९१च्या सुरुवातीपर्यंतच्या आखूड नाकाच्या क्रँकवर पुलीची चावी आणि खोबण झिजते, पुली डगमगते आणि टायमिंग सरकतं. टर्बोसाठी आठ खाचांचंच इंजिन घ्या. दुसरं, कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. १३ बारच्या आसपास यायला हवं आणि चार सिलिंडरांत एका बारपेक्षा जास्त फरक नको. तिसरं, टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल तर बदला. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, एवढाच दिलासा.

चौथी गोष्ट कागदांची. इंजिन १ ऑगस्ट १९९२ पूर्वीचं असल्याचं सिद्ध झालं तर धुराची मर्यादा सैल आहे : कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के, हायड्रोकार्बन १२०० पीपीएम. त्यापुढच्या काळातल्या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) लागू शकतो. इंजिन नंबरावरून वर्ष सांगणारं कंपनीचं पत्र आधी मिळवा. एकाच डोनरचे किमान दोन मुख्य भाग वापरले तर त्या गाडीच्या वयाचा नंबर मिळू शकतो, वय ठरवता आलं नाही तर क्यू नंबर. म्हणून इंजिन एकीकडचं, गिअरबॉक्स दुसरीकडचा अशी गोळाबेरीज करण्यापेक्षा एकच पूर्ण गाडी घेणं शहाणपणाचं.

प्रश्न : याच इंजिनावर २०० अश्वशक्ती हवी आहे. किती बूस्ट, कोणता टर्बो, किती मोठे इंजेक्टर? (लेस्टर)

आधी हवेचं गणित. १.६ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन ७००० आरपीएमवर मिनिटाला ५६०० लिटर हवा ओढू शकतं, प्रत्यक्षात त्याच्या नव्वद टक्के, म्हणजे सुमारे ५०४० लिटर. बूस्ट ०.५ बार आणि इंटरकूलरनंतर हवा ४५ अंश धरली तर तिची घनता १.६४ किलो प्रति घनमीटर येते. म्हणजे मिनिटाला ८.३ किलो हवा. हवा-इंधन प्रमाण ११.५ (दर किलो पेट्रोलला ११.५ किलो हवा) ठेवलं तर तासाला ४३ किलो पेट्रोल लागेल. टर्बो इंजिन पूर्ण ताकदीवर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल पितं. हिशेब १६० अश्वशक्तीवर येऊन थांबतो. दोनशेसाठी बूस्ट ०.९ बारच्या जवळ न्यावा लागेल.

आमचं मत : १६० वर थांबा. सातशे किलोच्या गाडीत ते टनाला जवळजवळ २३० होतात. मूळचे कनेक्टिंग रॉड २०० ते २२० च्या पुढे धोक्यात येतात, आणि १.६ मधला लहान डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) जोरात सुटताना त्याआधीच दात गमावतो. दोनशेचाच हट्ट असेल तर १.८ लिटरच्या एमएक्स-५ मधला ७ इंची डिफरन्शियल आधी बसवा. त्याच्यासोबत १.८ चेच हाफ शाफ्ट आणि प्रॉपेलर शाफ्ट घ्यावे लागतात, नुसता डिफरन्शियल आणून भागत नाही.

इंजेक्टर दोनशेच्याच हिशेबाने घ्या, इथे कंजुषी नको. २०० गुणिले २७० म्हणजे तासाला ५४ किलो, चारांत वाटून साडेतेरा. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून १७ किलो. मिनिटाला साधारण ३८० सीसी. बाजारात मिळणारे ४४० सीसीचे घ्या. मूळचे सुमारे २१० सीसीचे आहेत, त्यांच्यावर ०.५ बारचा टर्बो चालवणं म्हणजे पिस्टन जाळणं. १.८ चे २६५ सीसीचेही पुरत नाहीत. पंप तासाला १९० लिटरचा पुष्कळ झाला. २५५ लिटरचा बसवण्याची फॅशन आहे, पण एवढं परतीचं पेट्रोल मूळ प्रेशर रेग्युलेटरला झेपत नाही आणि आयडलिंगला दाब चढून इंजिन गुदमरतं.

टर्बो गॅरेटचा जीटी२५५४आर किंवा त्याच्याच वर्गातला टी२५ फ्लँजचा. त्याहून मोठा घेतला तर ४५०० आरपीएमपर्यंत काहीच होणार नाही आणि मग एकदम मागची चाकं सुटतील.

प्रश्न : टर्बो बसवल्यापासून सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलं की सायलेन्सरमधून निळा धूर येतो. गाडी पळू लागली की थांबतो. टर्बो नवा आहे, दोष त्याच्या बेअरिंग-सीलचा वाटतो. बदलून मागू का? (बर्मिंगहॅम)

थांबा. अशा तक्रारीत टर्बो क्वचितच दोषी असतो. टर्बोमधली सील रबरी नसते, पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक रिंग असते. ती तेल अडवते ते टर्बाइनच्या बाजूच्या वायूच्या दाबाच्या जोरावर. आयडलिंगला तो दाब जवळजवळ नसतो. अशा वेळी टर्बोच्या मधल्या घरात (जिथे शाफ्ट आणि बेअरिंग असतात) तेल साचलं की ते रिंगेवरून एक्झॉस्टमध्ये उतरतं. तेल साचण्याची कारणं तीन.

पहिलं, परतीचा पाइप. टर्बोमधून तेल निघतं ते हवा मिसळलेलं, फेसाळ, आणि दाबाशिवाय, नुसत्या उतारावर. पाइप आतून किमान १४ मिमी हवा (दहा नंबरची होज), सलग खाली उतरणारा हवा, मध्ये कुठेही पोट नको. चेंबरमध्ये तो तेलाच्या पातळीच्या वर उघडला पाहिजे. गाडी बुटकी असल्यामुळे किट कारमध्ये नेमकं इथेच चुकतं : जागा नाही म्हणून फिटिंग खाली लावलं जातं, इंजिन चालू असताना ते तेलात बुडतं आणि पाइप तुंबतो. टर्बोचं मधलं घरही उभ्या रेषेपासून १५ अंशांपेक्षा जास्त कललेलं नको.

दुसरं, जास्त तेल. बॉल बेअरिंगच्या टर्बोला तेलाच्या वाटेत १ मिमीच्या आसपासचं छिद्र असलेला अटकाव लागतो. साध्या बेअरिंगच्या टर्बोला सहसा लागत नाही. तुमचा कोणता आहे ते कागदावर पाहा, अंदाजाने अटकाव घालू नका. साध्या बेअरिंगचं तेल तोडलं तर शाफ्ट निळा पडेल.

तिसरं, क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या घरातला) दाब. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधले वायू इनलेटकडे सोडणारा) उलट्या दिशेला बंद होत नसेल तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो, आणि परतीचं तेल वरच अडतं. व्हॉल्व्ह काढून तोंडाने दोन्ही बाजूंनी फुंकून पाहा. दोन्हीकडून हवा गेली तर बदला.

दुरुस्ती केल्यावर लगेच धूर थांबला नाही म्हणून खचू नका. सायलेन्सरच्या लोकरीत मुरलेलं तेल जळून जायला वेळ लागतो, वीसेक मिनिटं रस्त्यावर चालवून मगच निकाल द्या. आणि टर्बो पुन्हा चढवताना इंजेक्टरचा फ्यूज काढून स्टार्टर मारत राहा, परतीच्या पाइपात तेल दिसेपर्यंत. कोरडा टर्बो खराब व्हायला पहिले दहा सेकंदच पुरतात.

प्रश्न : टर्बो आणि मॅनिफोल्डमधले नट दर पाचशे किलोमीटरला सैल होतात. स्प्रिंग वायसर घातले, लॉकटाइट लावलं, उपयोग नाही. (मिल्टन कीन्स)

होणारच नाही. तिथे लोखंड लाल होतं. लॉकटाइट जळून जातं आणि स्प्रिंग वायसरची ताणशक्ती पहिल्याच तापण्यात मरते. साधा स्टडही तापून लांबतो आणि थंड झाल्यावर पूर्ण आखडत नाही, म्हणून नट सैल दिसतो. इन्कोनेलचे (उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे) स्टड आणि पत्र्याची जीभ वाकवून अडकवायचे लॉक वापरा. त्याआधी मॅनिफोल्डचा फ्लँज पट्टी ठेवून तपासा, ०.१ मिमीपेक्षा जास्त वाकला असेल तर मशीनवर सपाट करून घ्या.

पण मूळ दोष बहुधा खाली असतो. डाउनपाइपचं (टर्बोपासून खाली जाणाऱ्या एक्झॉस्ट पाइपचं) वजन टर्बोवर लटकत असेल तर चारही स्टड दर खड्ड्याला ओढले जातात. पाइप गिअरबॉक्सच्या घराला ब्रॅकेटने बांधा आणि त्याच्या पुढे जाळीचा लवचिक तुकडा घाला. ब्रॅकेट चासीला बांधू नका. इंजिन रबरावर हलतं, चासी हलत नाही, आणि त्या भांडणात पाइप तडकतो. फायबरग्लासच्या नाकापासून टर्बोपर्यंत १०० मिमी अंतर आणि मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा ठेवा. पत्रा फायबरला चिकटवू नका, मध्ये १० मिमी हवा खेळती हवी.

प्रश्न : ०.५ बार बूस्टला ४५०० आरपीएमच्या पुढे इंजिनातून वाळूचे खडे हलवल्यासारखा आवाज येतो. ईसीयू (इंजिनाचा संगणक) बाजारातला, नकाशा (त्यातले इंधन आणि टायमिंगचे आकडे) दुसऱ्याच्या अशाच गाडीवरून घेतलेला. वाइडबँड १२.८ दाखवतो, ठिणगीचं टायमिंग २२ अंश. (वुल्व्हरहॅम्प्टन)

हे नॉकिंग आहे, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकतं आहे. हे वाचल्यापासून ते दुरुस्त होईपर्यंत बूस्टमध्ये गाडी चालवू नका. पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटायला एकच लांब चढ पुरतो.

१२.८ हे बिनटर्बोच्या गाडीला शोभणारं प्रमाण आहे, बूस्टमध्ये ११.५ पर्यंत खाली आणा. जास्तीचं पेट्रोल जळण्यासाठी नसतं, सिलिंडर थंड ठेवण्यासाठी असतं. टायमिंगचा ढोबळ नियम असा की बूस्टच्या दर ०.०७ बारमागे एक अंश मागे घ्यायचा. पूर्ण अॅक्सिलरेटरवर बिनटर्बो २८ अंश असतील तर ०.५ बारला २१. पण सुरुवात १६ पासून करा आणि एकेक अंश वर चढा. ताकद वाढायची थांबली की तिथूनही दोन अंश मागे या. पेट्रोल ९७ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचंच भरा. प्लग एक पायरी थंड, एनजीकेचे बीकेआर७ई, फट ०.७ मिमी. मूळच्या १.१ मिमी फटीत बूस्टच्या दाबाखाली ठिणगी विझते, ते वेगळं दुखणं आहे : त्यात खडखड नसते, गाडी अडखळते.

आता खरी शंका. पडद्यावर २२ अंश दिसतात म्हणून क्रँकवर २२ आहेत असं नाही. दुसऱ्याच्या नकाशात त्याच्या सेन्सरचं अंतर भरलेलं असतं, तुमचा कॅम-अँगल सेन्सर खोबणीत दोन-चार अंश इकडे-तिकडे फिरवून आवळलेला असू शकतो. ईसीयूमध्ये टायमिंग १० अंशांवर गोठवा आणि टायमिंग लाइट पुलीवर मारा. खूण १० वर दिसली तरच पुढचे सगळे आकडे खरे. खूण चार अंश जास्त दाखवत असेल तर तुमचं इंजिन इतके दिवस २६ वर चाललं होतं. ही पाच मिनिटांची तपासणी बहुतेक लोक शेवटी करतात, ती आधी करायची असते.

पेट्रोलचा दाबही मोजा. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी इनलेट मॅनिफोल्डला जोडलेली हवी : नळी काढलेली असताना ३ बार असेल तर ०.५ बार बूस्टला ३.५ दिसायला हवा. चढला नाही तर इंजेक्टरमधून पडणारं पेट्रोल कमी होतं आणि नकाशा कितीही सुधारला तरी प्रमाण विरळच राहतं. वाइडबँड सेन्सर टर्बोच्या आधी नको, टर्बोनंतर असावा, आणि त्याच्या आधीच्या सांध्यातून गळती नको. गळतीतून बाहेरची हवा आत ओढली गेली तर तो खोटं बोलतो.

प्रश्न : आयव्हीएत दोनदा नापास. स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि आवाज १०१ डेसिबल. (रेडिंग)

हलक्या गाडीत स्टिअरिंगची तक्रार नेहमीची, पुढच्या चाकांवर वजनच नसतं. कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) वाढवा, जेवढा समायोजनात मिळतो तेवढा. मग पुढची चाकं उचलून स्टिअरिंग एका बोटाने फिरवून पाहा. कुठे घट्ट लागलं तर कॉलमचं बुश किंवा सांध्याचा कोन तपासा, कॅस्टरचा जोर त्या घर्षणात संपतो.

आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल आहे. मोजमाप कमाल ताकदीच्या आरपीएमच्या तीन चतुर्थांशावर, पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांतून होतं. पाइपच्या शेवटी बोल्टने बसणारा छिद्रांचा तुकडा घातला तर दोन-तीन डेसिबल सहज उतरतात. पुन्हा जाण्याआधी बाहेरच्या सगळ्या कडा बोटाने चाचपा : २.५ मिमीपेक्षा कमी गोलाई चालत नाही. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, थोडा जास्त दाखवला तर चालतो. आणि ब्रेकमध्ये पुढची चाकं आधी अडली पाहिजेत.

प्रश्न : असली गाडी इथे घरी बनवून तिला एमएच-१० चा नंबर मिळेल का? (इस्लामपूर, जि. सांगली)

नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे गाडीच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता लागते. हा खर्च कारखान्याने शेकडो गाड्यांवर पसरायचा असतो, एका गाडीसाठी तो परवडत नाही. एकेक घरगुती गाडी तपासून नंबर देणारी ब्रिटनसारखी सोय आपल्याकडे नाही. दुसऱ्या गाडीच्या आरसीवर ही गाडी चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या नोंदीशी विसंगत बदल करू देत नाही, आणि १८२-अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ गाडीला टर्बो लावतानाही हेच लागू.

तुमच्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराने भंगारातून चारचाकी बनवली तेव्हा महिंद्रांच्या अध्यक्षांनी कौतुक केलं, पण नियमांत बसत नसल्याने ती आज ना उद्या अडवली जाईल हेही सांगितलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात बोलेरो दिली. स्वतःच्या शेतात किंवा बंद ट्रॅकवर चालवायची असेल तर बनवा, ट्रॅकवर नेताना ट्रेलरवर न्या.

प्रश्न : विद्यार्थी फॉर्म्युला स्पर्धेसाठी केटीएम ३९० चं ३७३ सीसी इंजिन आहे. हवेच्या वाटेत २० मिमीचा रिस्ट्रिक्टर (स्पर्धेच्या नियमानुसारचा आवळलेला गळा) असताना टर्बोचा उपयोग काय? (पुणे)

मोठ्या चार सिलिंडरच्या इंजिनाला फारसा नाही, तुमच्या इंजिनाला आहे. २० मिमीच्या गळ्यातून हवेचा वेग ध्वनीला पोचला की सेकंदाला ७४ ग्रॅमच्या वर एक ग्रॅमही जात नाही, म्हणजे मिनिटाला ४.४ किलो. तुमचं इंजिन ९००० आरपीएमवर सरासरी फक्त २ किलो मागतं. पण एकच सिलिंडर असल्यामुळे ते चार स्ट्रोकांपैकी एकातच हवा ओढतं, आणि त्या क्षणी मागणी चौपट होऊन गळा आवळला जातो. कॉम्प्रेसर आणि इंजिन यांच्यामध्ये दोन-तीन लिटरची हवेची टाकी ठेवली तर हे झटके सपाट होतात, आणि उरलेल्या २.४ किलोतला बराच भाग टर्बो वापरू शकतो.

अडचणी दोन. कॉम्प्रेशन १२ च्या वर आहे. सिलिंडरखाली पत्र्याचा थर घालून ते १० च्या खाली आणा आणि मग टायमिंग चेनचा ताण पुन्हा तपासा. दुसरी, टर्बो बहुधा क्रँककेसच्या खालच्या पातळीवर येईल, म्हणून तेल उताराने परत जाणार नाही, ओढून नेणारा वेगळा पंप लागेल. टर्बो जीटी१२ च्या आकाराचा, त्याहून मोठा जागचा हलणारही नाही.

प्रश्न : टर्बो टायमर (चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारं यंत्र) लावावा का? (स्लाव)

टर्बोला पाण्याच्या दोन्ही नळ्या जोडल्या असतील तर गरज नाही. इंजिन बंद झाल्यावर गरम पाणी आपोआप वर चढतं आणि मधलं घर थंड होतं, फक्त परतीची पाण्याची नळी टर्बोपासून चढती ठेवा. नळ्या जोडल्या नसतील तर टायमरचे पैसे त्या नळ्यांवर घाला.